एकमताचा फ्रीज

दूध पुन्हा नासलं होतं!

सकाळचा चहा उकळता उकळता पातेल्यातच फाटला, आणि ताईने ते पातेलं असं काही आपटलं की ओट्यावरचे चमचे उडून खाली पडले. "फ्रीजमध्ये ठेवलेलं दूध नासतं म्हणजे काय! तो फ्रीज आहे की कपडे ठेवायचं कपाट? आणि तू गं, नाकाला वास येत नाही का तुझ्या? की तेवढंही मीच येऊन हुंगायचं?"

सून खाली बसून चमचे वेचत राहिली. ताईचं सासर दोनच गल्ल्या पलीकडे. सकाळचा पहिला चहा माहेरी घेतल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नसे, आणि कुणाला तरी दोन शब्द सुनावल्याशिवाय तो चहा तिच्या घशाखाली उतरत नसे. ऐकून घ्यायला घरात हक्काचं माणूस होतं. मुकी. लग्न होऊन आली त्या वर्षीच सासूने, माईंनी, हे नाव ठेवलं होतं, सहज, हसत हसत, कारण पोरगी विचारल्याशिवाय बोलायची नाही. आणि मग कुणी विचारेनासंच झालं...

माई खिडकीशी खुर्चीत बसून सगळं ऐकत होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, समोरचं माणूस आवाजावरून ओळखायचं. साखर उतरली की डोळ्यांचं ऑपरेशन करू, असं डॉक्टर म्हणत होते, आणि साखर काही केल्या उतरत नव्हती! उलट टाचेला पडलेली एवढीशी भेग, तिची आता जखम झाली होती, आणि पट्टीखाली ती रात्रंदिवस ठणकत होती.

"नवा घ्यायचाच आहे ना," माई म्हणाल्या. "मग एकदा घेऊन टाका बाई. किती दिवस नुसतं बघताय!"

"घेऊन टाका काय, माई? घरात मोठी वस्तू येणार. सगळ्यांचं एकमत नको का व्हायला?"

त्या एकमताचं काय सांगावं! ही रीत माईंच्या मालकांनी घातलेली. माणूस हाडाचा सुतार, पण स्वतःच्या घरात साधा पाट करायचा तरी बायकोपोरांना समोर बसवून विचारायचा, लाकडावर हात फिरवायला लावायचा. "घर सगळ्यांचं, तर वस्तूही सगळ्यांच्या पसंतीची," म्हणायचा. माणूस गेला, रीत राहिली. तिच्यातला जीव मात्र त्याच्याबरोबरच गेला असावा, कारण आता एकमत म्हणजे ताईचं मत आणि भावाचं मत ह्यांची कुस्ती, आणि ती पाहायला बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं.

जुन्या फ्रीजचं दुखणं अजबच होतं. वरचा फ्रीझर असा गोठायचा की आतला बर्फ सुरीने फोडावा लागे. आणि खालचा कप्पा बघावा तर कोमट! दुरुस्तीवाला आला, मागचं झाकण काढून बराच वेळ आत डोकावला आणि हात झटकत म्हणाला, "गार हवा वरच अडकतेय, खाली उतरतच नाही. ह्याच्यामागे लागू नका, नवा बघा."

तेव्हापासून दर सुट्टीला बहीणभाऊ दुकानात जात होते. माईंचा लेक बस चालवायचा. दिवसभर रस्त्यावरच्या लोकांवर चिडायचा आणि सुट्टीच्या दिवशी बहिणीवर. त्याला दोन दारांचा, उंचापुरा फ्रीज हवा होता. ताईला फ्रीझर खाली आणि मोठा हवा होता, "उठसूट वाकायचं भाजीसाठी कशाला? फ्रीझर काय, कधीतरी उघडायचा." तो म्हणायचा, एवढा मोठा फ्रीझर काय करायचाय, त्यात काय मला झोपायचंय? ती म्हणायची, झोप, डोकं तरी थंड होईल! विक्रेता दोघांच्या मधे उभा राहून दारं उघडायचा आणि मिटायचा. सून मागे उभी. एकदा तिने स्वयंपाकघरातल्या कोपऱ्याचं माप दोऱ्याने घेऊन नेलं होतं, पण तो दोरा तिच्या पिशवीतून बाहेर काढायची वेळच आली नाही. सगळे रिकाम्या हातांनी परत यायचे, आणि घरात आठवडाभर पुन्हा दूध नासायचं.

माईंना त्याचंही हसूच यायचं तेव्हा. भांडतात, पण आपल्या घरासाठीच भांडतात ना, असं वाटून त्यांचं अंतःकरण भरून यायचं!

रोज सकाळी सून कामावर जाण्याआधी माईंना इंजेक्शन द्यायची. पूर्वी लेक द्यायचा; त्याची पहाटेची पाळी लागली तेव्हा हे काम तिच्याकडे आलं. त्या दिवशी त्याने बायकोला सुई कशी धरायची, किती भरायचं, सगळं शिकवलं आणि शेवटी बोट रोखून म्हणाला होता, "बाकी तुझं काहीही चालवून घेईन. माईच्या औषधात हयगय झालेली चालणार नाही. सांगून ठेवतो!" आणि ताईने आपली भर घातली होती, "माझ्या आईला काही झालं तर ह्या घराचा उंबरठा चढू देणार नाही हिला. मी आहे आणि ही आहे."

तेव्हापासून एक दिवसही सुनेचा हात चुकला नाही. अलीकडे तर ती औषधाची बाटली कितीतरी वेळ मुठीत धरून बसायची, दोन्ही तळहातांमध्ये हलके हलके फिरवायची, मग सुई भरायची. माईंना वाटायचं, गार औषध म्हाताऱ्या अंगाला झोंबू नये म्हणून किती ही माया! तोंडाने कधी एक शब्द बोलली नाही, पण हातांनी बोलते पोरगी... आणि हे मनात येऊनही माईंनी तिला तसं कधी सांगितलं नाही. राहूनच गेलं.

एके दुपारी पाय फारच पेटला. निखाऱ्यावर ठेवल्यासारखा! घरात कुणी नव्हतं. माई भिंतीला धरून धरून स्वयंपाकघरात आल्या, थोडा बर्फ फडक्यात बांधून पायाला लावावा म्हणून त्यांनी फ्रीझर उघडला आणि आत हात घातला. बोटांना मटारची पिशवी लागली. ती बाजूला सारली, तर मागे एक डबी. चौकोनी, पुठ्ठ्याची, ओळखीची! त्यांनी ती उघडली. आतल्या छोट्या काचेच्या बाटल्या बोटांना चिकटल्या, इतक्या त्या थंड होत्या. माईंनी एक बाटली कानाशी नेऊन हलवली. आत काही हललंच नाही.

औषध गोठलं होतं. इन्सुलिन!

माई तिथेच ओट्याला टेकल्या. पहिल्यांदा इन्सुलिन सुरू झालं तेव्हा दवाखान्यातल्या परिचारिकेने दहादा बजावलं होतं, "गार ठेवा, पण गोठू देऊ नका. गोठलं की मेलं समजा, मग टोचा नाहीतर पाणी टोचा." लेक शेजारीच उभा होता. दोघांनाही माहीत होतं. आणि सुनेला? तिला सुई कशी धरायची ते शिकवलं, धमक्या दिल्या, पण हे कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही!

आणि पोरगी काम कुठे करत होती? शीतगृहात! दिवसभर लोकरीचे हातमोजे घालून गोठवलेले मटार पिशव्यांत भरायचे. तिथे तर रोज हेच डोक्यात भरवायचे की जितकं गार तितकं चांगलं, एकदा माल गोठला की वर्षभर काळजी नाही, आणि पारा जरा वर चढला की सगळं फेकून द्यायचं. खालचा कप्पा कोमट झाला, दूध नासायला लागलं, तेव्हा तिने घरातली सगळ्यात मोलाची वस्तू उचलून घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवली होती. आपल्या घासाआधी सासूचं औषध सांभाळलं होतं बिचारीने!

तेवढ्यात माईंना आणखी एक आठवलं. दुरुस्तीवाला येऊन गेला त्या संध्याकाळी सून त्यांच्याजवळ आली होती. "माई, ते फ्रीजचं... तुमचं औषध..." इतकंच म्हणाली होती. आणि आपण काय म्हणालो? 'फ्रीजचं बघायला ताई आहे. तू पोळीभाजीचं बघ.' पोरगी आल्या पावली परत गेली होती. जिचं नाव आपणच मुकी ठेवलं, ती एकदा, एकदाच आपणहून बोलायला आली होती... आणि आपण तिचं तोंड मिटवलं!

माईंनी त्या बाटल्या मोरीत फोडून धुऊन टाकल्या. काचा फडक्यात गुंडाळून कचऱ्यात खाली दडपल्या. संध्याकाळी सुनेला म्हणाल्या, "औषध हातातून पडलं माझ्या. नवं आण, आणि शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये ठेव. खाली, दारात." सुनेने मान हलवली. एवढ्यावर सगळं निभावेल, असं त्या माउलीला वाटलं. पायाने मात्र ऐकलं नाही. दोन दिवसांत माईंना हुडहुडी भरून ताप चढला आणि पायाची बोटं काळी पडू लागली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि खोलीभर वास पसरला. ताईने पदर नाकाला लावला. डॉक्टर कागद बघत राहिले, मग म्हणाले, "एवढी साखर? इन्सुलिन चालू असताना? रोज देत होतात ना?"

ताईचा आवाज चिरकला. "विचारा हिला! हीच देते. काय गं, बोल ना! आता तरी तोंड उघड! काय टोचत होतीस माझ्या आईला?"

"मी... मी रोज..." सून म्हणू लागली.

लेक बायकोकडे वळला. माईंना त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण त्याचा श्वास ऐकू येत होता. लहानपणी मारामारी करून आला की असाच श्वास असायचा त्याचा. आता हा काहीतरी बोलेल, आणि ते बोललेलं पुन्हा आयुष्यात मागे घेता येणार नाही, हे आईच्या काळजाला उमगलं.

"तिला कशाला विचारता?" माई म्हणाल्या. "मीच घेत नव्हते."

"माई!"

"कंटाळले होते रे. रोज उठून टोचून घ्यायचं... मी तिला म्हणाले, तू भरून ठेव आणि जा कामावर, मी घेते माझी. ती गेली की मोरीत ओतून द्यायचे. तिला काय ठाऊक!"

सुनेने काही बोलायला तोंड उघडलं. माईंनी चादरीखालून तिचा हात शोधला आणि असा आवळला की बांगडी रुतली.

डॉक्टर पुढे बरंच काही बोलले. पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. दुसऱ्याचंही आज काही सांगता येत नाही. लेक ते ऐकत होता की नव्हता कोण जाणे. तो एवढंच म्हणाला, "आम्ही तुझ्यासाठी मरमर मरतो, आणि तू औषध मोरीत ओततेस? तुझा पाय तूच घालवलास, माई!" आणि निघून गेला.

पाय गेला. माई चाकांच्या खुर्चीत बसून घरी आल्या. शेजारणी बघायला आल्या आणि दारातच कुजबुजल्या, "स्वतःच्या हाताने केलं म्हणे!" ताई यायची, पण आता चहा घ्यायला थांबायची नाही. आणि लेक? तो आईला उचलून पलंगावर ठेवायचा, खुर्ची पुसायचा, पाणी द्यायचा. सगळं करायचा, एक शब्द बोलायचा नाही! ज्याला पोटाशी धरून वाढवलं त्याने हात लावावा आणि नजर चुकवावी... ह्यापेक्षा दुसराही पाय गेला असता तरी चाललं असतं, असं माईंना कितीदा वाटलं. पण ओठ शिवले ते शिवलेच.

एक दिवस सुनेनेच विचारलं. माईंचे केस विंचरता विंचरता तिचा हात थांबला. "माई, रोज मीच देत होते. माझ्या हातांनी. तुम्ही खोटं का बोललात?"

माईंनी खूप टाळलं, पण पोरगी हटेना. शेवटी त्यांनी सगळं सांगितलं. गोठलेलं औषध मरतं, हे दोनच वाक्यांत सांगून झालं. कंगवा खाली पडला. मग त्यांच्या पाठीवर एक कपाळ टेकलं आणि हुंदक्यांनी माईंची खुर्चीसुद्धा हलू लागली.

"मी घालवला... तुमचा पाय मी..."

"वेडी आहेस! माहीत असून न सांगणारी मी. विचारायला आलीस तर हाकलून देणारी मी! आता हे तुझ्यामाझ्यात राहू दे. त्याला कळलं तर संसार मोडेल तुझा. गप्प राहायची तर सवयच आहे ना तुला?"

शेवटचं वाक्य त्या हसत म्हणाल्या खऱ्या, पण हसू जमलं नाही.

फ्रीजचं मात्र आता लांबवण्यासारखं नव्हतं. औषध शेजारी किती दिवस ठेवणार? एका सुट्टीला सगळे निघाले, आणि रीत म्हणजे रीत, म्हणून ह्या वेळी माईंनाही खुर्चीसकट नेलं. दुकानात फ्रीजची रांगच्या रांग उभी होती. माईंना नुसतेच पांढरे, करडे धूसर आकार दिसत होते. बहीणभावाने पुन्हा सुरुवात केली. ताई म्हणाली, "हा घे. फ्रीझर खाली, वर सगळं मोकळं. माईचं औषध वर डोळ्यांसमोर राहील."

"कुणाच्या डोळ्यांसमोर?" लेक फटकन म्हणाला. "आणि औषधाला जागा कशाला बघतेस? ही बाई ओतूनच देणार मोरीत. त्यापेक्षा मोरीच मोठी करून घेऊ!"

दुकानातली दोन अनोळखी माणसं वळून बघायला लागली. माईंनी मान खाली घातली. मागे खुर्चीच्या दांडीवर सुनेचे हात होते. ते हात सुटले आणि सून खुर्चीपुढे येऊन उभी राहिली.

"नको गं," माई पुटपुटल्या. "नको, पोरी..."

"माईंनी ओतलं नाही." सुनेचा आवाज. एवढा मोठा आवाज ह्या पोरीला आहे, हे घरातल्या कुणाला ठाऊक नव्हतं! "एक थेंब ओतला नाही त्यांनी. मी रोज टोचत होते. खालचा कप्पा कोमट झाला म्हणून मी औषध फ्रीझरमध्ये ठेवलं. गोठवलं. ते मरतं, मला माहीत नव्हतं. माईंना कळलं, आणि मला वाचवायला त्या खोटं बोलल्या. पाय मी घालवलाय त्यांचा. आता घरात ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण त्यांना बोलू नका! मला बोला!"

ताई पुढे झाली. "म्हणजे तू... तू माझ्या आईला..." हात उगारलेला.

"ताई, थांब," लेक म्हणाला.

त्याचा आवाज इतका खोल गेला होता की ताईचा हात आपोआप खाली आला. तो एका फ्रीजला टेकत टेकत तिथेच फरशीवर बसला, एवढा थोरला बाप्या माणूस, भर दुकानात. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "त्या परिचारिकेने माझ्यासमोर सांगितलं होतं, गोठू देऊ नका. मला माहीत होतं, ताई! हिला सुई शिकवली त्या दिवशी मी बोट नाचवत बसलो, आणि हे सांगायचं विसरलो. दर सुट्टीला तुझ्याशी भांडायला वेळ होता मला..."

त्याने माईंच्या मांडीवर डोकं ठेवलं. जिथे पाय संपत होता तिथे त्याचा हात गेला आणि झटका बसल्यासारखा मागे आला; मग त्याने तो पुन्हा तिथेच ठेवला. "माई, एकदा तरी बोलायचं होतंस गं! मी काय काय बोललो तुला..."

माई त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. रडू येत होतं, पण ते सुखाचं की दुःखाचं हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. लेक परत मिळाला होता. पाय काही परत येणार नव्हता, आणि दुसऱ्या पायाच्या अंगठ्यावर कालपासून एक काळा ठिपका दिसतोय असं सून सकाळी पट्टी बांधताना म्हणाली होती. ताई एका बाजूला तोंड फिरवून उभी होती, तिचे खांदे हलत होते.

विक्रेता बिचारा गोंधळला होता. कुणाला काय विचारावं ते न कळून तो शेवटी माईंपाशीच आला. "आजी, मग... कोणता दाखवू?"

"हिला विचारा," माई म्हणाल्या. "ह्या घरात हिला कुणी काही विचारलंच नाही आजवर."

सून जागची हलेना. मग लेकाने फरशीवरूनच मान वर करून बायकोकडे पाहिलं. "सांग," तो म्हणाला. "तू म्हणशील तो."

तिने पदराने तोंड पुसलं. विक्रेत्याला विचारलं, खालच्या कप्प्यात गारवा किती राहतो, काही गोठत तर नाही ना, आणि तो सांगत असताना पहिल्यांदाच कुणी तिच्या मधे बोललं नाही. मग तिने माईंची खुर्ची ढकलत ढकलत रांगेतल्या एका साध्या, बुटक्या फ्रीजपाशी नेली, दार उघडलं आणि माईंचा हात धरून दारातल्या कप्प्याकडे नेला.

"माई, इथवर पोचतो का हात? म्हणजे मी कामावर असले तर तुम्हाला..."

माईंची बोटं कप्प्यावरून फिरली. पोचत होता हात, सहज पोचत होता.

"पोचतो," त्या म्हणाल्या, आणि तिचा हात सोडला नाही. "पण द्यायचं तूच."